ठिपके दिसतात, पंप कुठे आहे?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता पट्ट्यात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले आणि शहरात दोन वाद पेटले. पहिला वाद आजार कशामुळे, याचा होता: पाण्यामुळे की अर्धकच्च्या चिकनमुळे? तो वर्तमानपत्रांनी यथेच्छ चघळला. दुसरा वाद सोसायट्यांच्या बैठकांत आणि व्हॉट्सॲपवर चालला, आणि तो प्रत्येक साथीत नव्यानं उगवतो: कुठल्या भागात किती रुग्ण आहेत, हे नकाशावर दाखवावं की नाही? एक बाजू म्हणते, दाखवलंत की वस्ती बदनाम होते, फ्लॅटचे भाव पडतात, घरकामाला जाणाऱ्या बायकांना दारातूनच परत पाठवतात. दुसरी बाजू म्हणते, आता उपग्रह आहेत, जीआयएस म्हणजे संगणकावरची नकाशाप्रणाली आहे. डॅशबोर्ड बसवा, लाल झालेले भाग शोधा आणि तिथे पथकं धाडा. दोन्ही बाजू जोरात भांडतात, पण एका गोष्टीवर त्यांचं न बोलता एकमत असतं. आरोग्याचा नकाशा म्हणजे रोग्यांचा नकाशा, हे दोघांनीही धरून चाललेलं असतं. माझा आक्षेप तिथेच आहे. झपाट्यानं वाढणाऱ्या शहरात कोण जास्त आजारी पडतं आणि का, हे कळायला नकाशा हवाच. आजच्यापेक्षा बारीक हवा आणि लोकांना बघायला मिळेल असा हवा. पण त्यावर आजाराच्या ठिपक्यांसोबत जलवाहिनी, संडास, गटार, दवाखाना आणि त्या दवाखान्यातल्या रिकाम्या जागाही दिसल्या पाहिजेत. ते नसेल तर तो नकाशा अर्धा आहे, आणि असा अर्धा नकाशा काय करू शकतो, हे मुंबईनं सव्वाशे वर्षांपूर्वी भोगलेलं आहे.

नकाशाची भलामण करणारे हमखास लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांचा दाखला देतात. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागात कॉलरा उसळला, दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली. स्नोंनी मृत्यूंचे ठिपके मांडले, ब्रॉड स्ट्रीटचा हातपंप मधोमध दिसला, पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली. गोष्ट छान आहे. घडलं ते जरा वेगळं. दांडा ८ सप्टेंबरला निघाला, तोवर साथ ओसरू लागली होती, कारण लोक घरं सोडून पळाले होते. आणि प्रसिद्ध नकाशा तर नंतरचा. तो छापून आला १८५५ मध्ये. दांडा काढायला लावला तो स्नोंनी घरोघर केलेल्या चौकशीनं. पोलंड स्ट्रीटवरच्या अनाथ-गरिबांच्या वसतिगृहात पाचशेहून जास्त माणसं राहत होती, पण तिथे मोजकेच मृत्यू का? तर त्यांची विहीर वेगळी होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार का वाचले? तर ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. ज्यांनी मरायला हवं होतं पण जे मेले नाहीत, त्यांच्याकडे स्नोंनी लक्ष दिलं. पुढे हेन्री व्हाइटहेड या पाद्र्यानं, जो आधी स्नोंच्या विरोधात होता, पुन्हा दारोदार फिरून पहिला रुग्ण शोधला: ब्रॉड स्ट्रीटवरच्याच ४० नंबरच्या घरातलं एक तान्हं मूल. त्या घराचा मैलाखड्डा पंपाच्या विहिरीत झिरपत होता.

यातला सगळ्यात बोधक भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्याच साथीचे आणखी नकाशे त्याच काळात निघाले होते. लंडनच्या गटार आयोगाच्या एडमंड कूपर या अभियंत्यानं एक काढला, कारण नव्या गटारलाइनीनं जुन्या प्लेगच्या दफनभूमीला धक्का लावला म्हणून रोग पसरला, अशी ओरड होती. त्याच्या नकाशातून निष्कर्ष निघाला की गटारांचा काही दोष नाही, लोकांच्या घरातली घाण जबाबदार आहे. आरोग्य मंडळाच्या चौकशी समितीनंही मृत्यू नकाशावर मांडले आणि पाण्याचं कारण सपशेल नाकारलं. त्यांच्या मते दूषित हवेचाच प्रताप होता. ठिपके सगळ्यांचे जवळपास सारखेच होते. मग फरक कुठे पडला? स्नोंच्या नकाशावर आसपासचे तेरा पंप होते. माणूस कुठे मेला, एवढंच न विचारता त्याला पाणी कोण पाजत होतं, हे त्या नकाशानं विचारलं. खात्यानं स्वतःसाठी काढलेला नकाशा खात्याला निर्दोष सोडतो, हा धडा १८५४ चा आहे आणि आजही तो शिळा झालेला नाही.

आता मुंबईकडे या. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ब्युबॉनिक प्लेग ओळखला. (योगायोग असा की त्या वेळच्या पालिका आयुक्तांचं आडनावही स्नोच होतं, साम्य तिथेच संपतं.) पालिकेनं आणि पुढे प्लेग समितीनं शहराचे भाग पाडले, रुग्णांची घरं शोधली, घरांवर खुणा केल्या. ज्या घरावर 'यूएचएच' ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात, ते घर माणसानं राहायला नालायक ठरे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि झडत्यांना धार चढली; पुण्यात रँडच्या अमलाखाली काय झालं, ते मराठी वाचकाला सांगायला नको. १८९८ मध्ये मुंबईत सुधार न्यास स्थापन झाला. त्याच्यापुढे रोगाचा भूगोल स्पष्ट होता: नागपाडा, मांडवी, दाटीवाटीच्या चाळी. त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, वारा खेळता केला. पण चाळीतली माणसं कुठे गेली? पहिली कितीतरी वर्षं न्यासानं पाडलेल्या खोल्यांच्या मानानं बांधलेल्या कमी पडल्या, नव्यांचं भाडं अनेकांना परवडेना, आणि माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीनं राहू लागली. नकाशावरचे ठिपके सरकले, नाहीसे झाले नाहीत. त्या नकाशावर चाळीत पडणारा उजेड होता, माणसं होती, उंदीरही शेवटी आले. चाळमालक नव्हता, गिरणीतला पगार नव्हता आणि पालिकेनं न घातलेलं गटारही नव्हतं.

म्हणून नकाशाच्या विरोधकांचा पहिला मुद्दा मी हलक्यात घेत नाही. बदनामी खरी असते. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेनं शहरांचे नकाशे रंगवले, कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल केल्या आणि त्या वस्त्यांना कर्जाची दारं पिढ्यान्‌पिढ्या बंद झाली. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये लोकांच्या हातावर विलगीकरणाचे शिक्के मारले गेले, तेही १८९७ च्याच कायद्याच्या आधारानं. धारावीचा पत्ता सांगितला की नोकरी जाते, गोवंडीचा सांगितला की लग्न मोडतं, असं तिथली माणसं सांगतात आणि त्यावर अविश्वास ठेवायचं काही कारण नाही. उद्या आरोग्य विमा कंपन्या पिनकोड बघून हप्ता ठरवू लागल्या, तर आजाराचा सार्वजनिक नकाशा त्यांच्या हातात आयतं कोलीत ठरेल, हेही मान्य.

पण मग नकाशा लपवल्यानं बदनामी थांबते का? गोवंडीची बदनामी कुठल्या नकाशानं केली? शहराच्या डोक्यात एक न छापलेला नकाशा कायमचाच असतो. रिक्षावाला कुठे येत नाही, बँकेचा माणूस कुठल्या पत्त्यावर मान हलवतो, शाळेच्या अर्जावर कुठली वस्ती लिहिली की समोरच्याचा सूर बदलतो, हे सगळं त्या नकाशावर असतं. त्याला पुरावा लागत नाही आणि त्यावर हरकतही घेता येत नाही. छापील नकाशाशी भांडता येतं. शिवाय जो नकाशा लोकांपासून लपवला जातो, तो सगळ्यांपासून लपलेला नसतो. बिल्डरकडे त्याचा असतो, कंपन्यांकडे त्यांचा असतो, पोलिसांकडे पोलिसांचा असतो. नसतो फक्त तिथे राहणाऱ्याकडे. मुंबईत वॉर्डनिहाय आजारांची आकडेवारी प्रजा फाउंडेशनसारख्या संस्थेला वर्षानुवर्षं माहिती अधिकाराचे अर्ज करून मिळवावी लागली, यावरून या गुप्ततेचा फायदा नक्की कुणाला होतो, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. आणि बदनामीचा उतारा त्याच कागदावर असतो. एखाद्या गल्लीत काविळीचे रुग्ण जास्त आहेत, एवढंच दाखवलं की लोक म्हणतात, 'ती माणसंच तशी.' त्याच गल्लीला पाणी रोज किती वेळ येतं आणि तिथली जलवाहिनी गटारातून गेली आहे की नाही, हे शेजारी दाखवलं की बोट दुसरीकडे वळतं.

दुसरा आक्षेप अधिक चलाख आहे, आणि तो बहुधा डाव्या बाजूनं येतो. गरीब वस्तीत आजार जास्त, हे सांगायला उपग्रह कशाला? २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व वॉर्ड, म्हणजे गोवंडी-मानखुर्द-देवनारचा भाग, चोवीस वॉर्डांत तळाला होता. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून तिथे आहे. शहराचा वैद्यकीय कचरा वर्षानुवर्षं जळला तोही गोवंडीतच. आता यावर आणखी नकाशा कसला काढता, दवाखाना काढा! हा त्रागा मला समजतो. नकाशाच्या नावाखाली सल्लागार कंपन्यांना कंत्राटं जातात, रंगीत सादरीकरणं होतात आणि दवाखान्यात डॉक्टर नसतो तो नसतोच, हेही आपण पाहिलं आहे.

तरीही 'सगळ्यांना माहीतच आहे' हे वाक्य मला घातक वाटतं, कारण सगळ्यांना माहीत असलेलं बहुतेकदा ढोबळ असतं आणि उपाय बारकाव्यात असतो. मानखुर्द-गोवंडीचंच उदाहरण घ्या. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी उठवलेल्या हजारो कुटुंबांना लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत पक्की घरं मिळाली. ढोबळ समजुतीप्रमाणे झोपडीतून सिमेंटच्या घरात गेलेल्या माणसाचा क्षयरोग कमी व्हायला हवा. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेनं आयआयटी-मुंबईच्या अभ्यासकांना बरोबर घेऊन या वसाहतींचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये बाहेर आला. इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर दिवसाही उजेड नाही, वारा नाही, आणि क्षयरोगाचं प्रमाण नेमकं खालच्या मजल्यांवर जास्त. म्हणजे रोगाची रेषा इथे उभी आहे, वॉर्डाच्या नकाशावर ती दिसणारच नाही. सात मजले तिथे एकाच ठिपक्यात मावतात. गरिबी तर वरच्या मजल्यावरही होती. मग कारण कुठे सापडलं? पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळी जागा किती सोडायची, याच्या सवलतींत. ते नियम मंत्रालयात बनतात, गोवंडीत नाही. १८९८ मध्ये उजेड-वाऱ्याच्या नावाखाली चाळी पाडणाऱ्या शहरानं शंभर वर्षांनी, सरकारी शिक्क्यानिशी, उजेड-वारा नसलेल्या नव्या चाळी बांधल्या. हे 'सगळ्यांना माहीत' होतं काय?

पुण्याच्या जीबीएसनं तर ही समजूत उलटीच केली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं जून २०२१ मध्ये महापालिकेत आली, धायरीचा उरलेला भाग २०१७ मध्ये. तेवीस गावं एका दमात घेऊन पुणे महापालिका क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यांत मोठी झाली आणि त्याचा गाजावाजाही झाला. या पट्ट्यात झोपड्या कमी आणि टॉवर जास्त आहेत. स्विमिंग पूल असलेली, गेटवर तीन-तीन रखवालदार असलेली संकुलं आहेत. आणि पाणी? धरणाचं पाणी विहिरीत घ्यायचं, क्लोरिन टाकायचं आणि सोडायचं. जलशुद्धीकरण प्रकल्प नाही. वर टँकर आणि खासगी आरओ. रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, काहींच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे पोट बिघडवणारे जंतू सापडले आणि बहुसंख्य रुग्ण याच पट्ट्यातले निघाले. उत्पन्नाच्या नकाशावर हा भाग चांगल्या रंगात दिसला असता. कर भरण्याच्या नकाशावर तर त्याहून चांगल्या. समाविष्ट गावांच्या जलवाहिन्यांचा नकाशा चार वर्षं कुणी लोकांसमोर ठेवला असता, तर साथ आली नसती असं मी म्हणणार नाही. पण पाणी की चिकन, या वादावर इतकी शाई वाया गेली नसती. साथ आल्यावर रुग्ण मोजणं सोपं असतं. ज्या हद्दीत कर लावला त्या हद्दीत शुद्ध पाणी कुठवर पोचलं, ही रेषा साथीआधीच काढता येते, आणि ती काढायला एकही रुग्ण लागत नाही.

तिसरा आक्षेप आकडेवाल्यांचा आहे आणि माझ्या मते सगळ्यांत बळकट तोच. आपल्या शहरांची माहिती इतकी फाटकी आहे की तिच्यावर काढलेला नकाशा खोटा आत्मविश्वास देतो. दर काढायला भागाकार लागतो, आणि भागाकारातली लोकसंख्या आपण आजही २०११ च्या जनगणनेतली घेतो, कारण २०२१ ची झालीच नाही. २००१ मध्ये दहा लाखांवर असलेलं पिंपरी-चिंचवड २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेलं. अशा शहरात चौदा-पंधरा वर्षं जुनी लोकसंख्या वापरली, तर नव्यानं भरलेल्या भागात आजार अफाट वाढल्याचा भास होणारच. पत्त्यांचंही तसंच. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू घडला तिथे होते. राहत्या पत्त्यावर ती लावली नाही, तर केईएम, टाटा, वाडिया जिथे आहेत ते परळ मुंबईतलं सगळ्यांत जीवघेणं ठिकाण ठरेल. भाड्याच्या खोलीतला मजूर आधार कार्डावरचा गावचा पत्ता देतो आणि त्याचा क्षयरोग उत्तर प्रदेशात किंवा बीडमध्ये जाऊन बसतो. खासगी डॉक्टरांनी क्षयरुग्ण कळवणं २०१२ पासून सक्तीचं आहे, पण गल्लीतल्या सगळ्याच डॉक्टरांचे कागद पालिकेपर्यंत पोचतात, असं कुणी छातीठोकपणे म्हणेल?

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. 'एम-पूर्वमध्ये माणूस सरासरी ३९ वर्षं जगतो' हे वाक्य आम्हा मंडळींनी भाषणांत, लेखांत, फलकांवर इतकं वापरलं की ते गुळगुळीत झालं. पण मृतांच्या वयाची सरासरी आणि आयुर्मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या वस्तीत तरुण आणि लहान मुलं खूप, म्हातारे थोडे, तिथे मरणाऱ्यांच्या वयाची सरासरी आपोआप खाली येते. आणि म्हातारे गावी जाऊन मरत असतील तर आणखीच. गोवंडीत बालमृत्यू आणि कुपोषण भयंकर आहे, त्यासाठी या आकड्याची गरज नाही. चुकीच्या आकड्यानं न्याय्य बाजू मांडली की पहिला हुशार अधिकारी तो आकडा खोडतो आणि त्याबरोबर बाजूही उडवून लावतो.

मग माहिती वाईट आहे म्हणून नकाशा काढायचाच नाही? उलट, माहिती कुठे वाईट आहे हे दाखवण्याचं नकाशाइतकं सोपं साधन दुसरं नाही. तक्त्यात कोरी जागा डोळ्यांवरून निसटते, नकाशावर ती भोकासारखी दिसते. नैरोबीची किबेरा ही आफ्रिकेतल्या मोठ्या झोपडवस्त्यांपैकी एक. नकाशावर ती जवळजवळ रिकामी होती, २००९ मध्ये तिथल्याच तरुणांनी जीपीएस घेऊन गल्ल्या, नळ, संडास, दवाखाने टिपले तेव्हा ती कागदावर आली. आपल्याकडेही एखाद्या प्रभागात डेंग्यूचा एकही रुग्ण नोंदला गेला नसेल, तर तिथे डास नाहीत की तपासणी नाही? दवाखान्यांचा थर त्याच नकाशावर घातला की उत्तर मिळतं. शहरी आरोग्य अभियानानं २०१३ मध्येच ठरवलं होतं की साधारण पन्नास हजार लोकांमागे एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र हवं. हा दंडक घेऊन कुठल्याही वाढत्या शहराच्या कडेच्या भागांत फिरा, मग शून्य रुग्णांचा अर्थ आपोआप लागेल.

राहिला प्रश्न किती बारीक जायचं याचा. वॉर्ड ही फार मोठी गोष्ट आहे. २०११ मध्ये एकट्या एम-पूर्वची लोकसंख्या आठ लाखांवर होती, राज्यातल्या कितीतरी महानगरपालिकांपेक्षा जास्त. त्याच वॉर्डात शिवाजीनगर-बैंगनवाडी आहे आणि अणुशक्तीनगरची झाडीतली वसाहतही. दोघांची सरासरी काढून जो रंग भरला जातो तो दोघांपैकी कुणाचाच नसतो. जुलै २०२० च्या मुंबईतल्या सीरो-सर्वेक्षणानं हे लख्ख दाखवलं. पालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा भागांतले तीन वॉर्ड घेतले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडं सापडली, बाहेर १६ टक्के. वॉर्ड तेच, रस्ताही बहुधा तोच, मधे एक भिंत. पुण्यात त्याच सुमारास पाच प्रभागांत तपासणी झाली. लोहियानगर-कासेवाडीत ६५ टक्क्यांवर, कसबा-सोमवार पेठेत ३६ टक्के. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, जो बातम्यांत मागे पडला: सामायिक संडास वापरणाऱ्यांत ६२ टक्के, स्वतःचा संडास असणाऱ्यांत ४५. पहिली तुलना वाचून माणूस म्हणतो, लोहियानगर टाळा. दुसरी वाचून म्हणेल, संडास बांधा.

बारीक गेलं की खासगीपणाचा प्रश्न येतो, आणि तो टाळता येणार नाही; एचआयव्ही किंवा क्षयरोगाचा ठिपका एखाद्या घरावर पडला तर त्या घराचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको. पण हा पेच वाटतो तितका अवघड नाही, दोन थर वेगळे ठेवले तर. माणसांच्या आजाराचा थर तेवढाच बारीक असावा जेवढ्यात माणूस ओळखू येणार नाही. पालिकेतल्या साथरोगतज्ज्ञाला घरापर्यंत दिसावं, लोकांना गल्ल्यांच्या समूहापर्यंत. सार्वजनिक सेवेच्या थराला मात्र खासगीपणाचा काय संबंध? कुठल्या संडासाची किती सीट्स चालू आहेत, कुठल्या व्हॉल्व्हमधून किती वाजता पाणी सुटतं, कुठल्या दवाखान्यात औषधनिर्मात्याची जागा किती महिने रिकामी आहे, हे सगळं अगदी फुटापर्यंत बारीक आणि जाहीर असायला कुणाची हरकत? घडतं नेमकं उलटं. कोविडच्या काळात रुग्णाच्या घरावर पत्रे ठोकून, फलक लावून त्याचा ठिपका गल्लीला दाखवला गेला, आणि जलवाहिनीचा नकाशा मागितला की 'सुरक्षेचं कारण' पुढे येतं.

सुरक्षेचं कारण अगदीच खोटं नाही. मुख्य जलवाहिन्या आणि जलाशय यांचा तपशील जपायला हवा. पण याच सुरक्षेच्या नावानं काय घडलं ते मुंबईतल्या माहुलला जाऊन बघावं. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंनी दहा मीटरपर्यंतच्या झोपड्या उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार हटवल्या गेल्या आणि हजारो कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीतल्या माहुलच्या इमारतींत पाठवलं गेलं. तिथल्या हवेबद्दल हरित लवादानं २०१५ मध्येच इशारा दिला होता. म्हणजे पुनर्वसनाच्या नकाशावर मोकळ्या सदनिका दिसत होत्या, प्रदूषणाचा नकाशा दुसऱ्या फायलीत होता, आणि दोन फायली एकमेकींवर ठेवून बघायची कुणालाच गरज वाटली नाही. लोक दम्यानं, त्वचारोगानं हैराण झाले, रस्त्यावर बसले. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना पंधरा हजार रुपये भाडं द्या. दोन थर एका कागदावर न ठेवण्याची ही किंमत.

आणि हे काम कुणी करायचं? सल्लागार कंपनीच्या वातानुकूलित खोलीतून ते होत नाही, याचे पुरावे आपल्याकडेच आहेत. १९८५ मध्ये, पदपथावरच्या लोकांना हटवण्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता त्या काळात, मुंबईत 'स्पार्क' या संस्थेनं भायखळ्याच्या पदपथांवरची हजारो कुटुंबं त्या बायकांनाच बरोबर घेऊन मोजली. पालिकेच्या लेखी तोवर ही माणसं अडथळा होती. पुण्यातल्या शेल्टर असोसिएट्सनं तीसेक वर्षं झोपडपट्ट्यांचे नकाशे घरागणिक काढले; कुठल्या घरात संडास नाही आणि सर्वांत जवळची ड्रेनेज लाइन किती अंतरावर आहे, हे एकत्र मांडलं, आणि पुणे, सांगली, कोल्हापुरात घरोघरी संडास उभे राहिले. सामायिक संडासाला गळती लागली म्हणून नवा सामायिक संडास बांधायचा, हे चक्र त्या दोन थरांनी मोडलं. याला स्वस्त म्हणायचं की महाग? उपग्रहाची छायाचित्रं आता जवळजवळ फुकट मिळतात; महाग आहे ते गल्लीत चालणं. आशा कार्यकर्ती दर आठवड्याला ते चालते. मुंबईत पाणी सोडणारा चावीवाला रोज पहाटे चालतो आणि कुठल्या लाइनला दाब नाही, कुठे पाणी बंद झालं की गटाराचं पाणी फुटक्या जोडातून आत ओढलं जातं, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याचं ज्ञान कुठल्याच डॅशबोर्डवर नाही. मला तर संशय येतो की ते कुणाला नकोच आहे, कारण पाण्याच्या वेळापत्रकाचा नकाशा निघाला की कुठल्या नगरसेवकाच्या गल्लीत किती तास पाणी येतं, तेही त्यावर उमटेल.

पुढची जनगणना २०२७ मध्ये होते आहे आणि ती डिजिटल आहे. म्हणजे सोळा वर्षांनी शहरांना भागाकारासाठी खरी लोकसंख्या मिळेल, तीही लहान गणना-गटांपर्यंत. ते आकडे येण्याआधी महापालिकांना तीन गोष्टी ठरवून घेता येतात. मृत्यू आणि रोगाच्या नोंदीत आधारचा पत्ता सोडून सध्या राहतो तो पत्ता घ्यायचा. आजारांची आकडेवारी वॉर्डाच्या खाली, गणना-गटांच्या समूहाला जुळेल अशी ठेवायची. आणि समाविष्ट गावांपासून सुरुवात करून पाणी, मैला, दवाखाना यांचे थर दर तिमाहीला प्रभाग समितीपुढे मांडायचे, तारखेसह. तिसऱ्या गोष्टीला ना जनगणना लागते, ना उपग्रह, ना केंद्राची परवानगी. ही माहिती पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि आरोग्य या तीन खात्यांच्या कपाटांत आज आहे, आणि ही तिन्ही खाती बहुतेक ठिकाणी एकाच आयुक्ताच्या हाताखाली काम करतात.